सासऱ्याची फियाट

कळसाडीहून फियाट कोरीटला आली ती उसाच्या ट्रॉलीत बसून. चारी चाकांखाली दगड, बॉनेटवरून आणि डिकीवरून दोर आवळलेले, आणि पुढे नवनीतचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर सुकलाल आप्पा बसले होते, पण तोंड मागे करून. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला, नंदुरबारचा फाटा आला, कोरीटची वेस आली, तरी त्यांनी गाडीवरची नजर काढली नाही. नवस फेडायला निघालेला माणूस कोंबड्याकडे बघत बसतो, तसे ते बघत होते, असं नवनीत नंतर आपल्या बहिणीला हसत हसत सांगत होता.

बहीण म्हणजे धनुबाई. आप्पांची बायको. ती खळ्याच्या दाराशी उभी होती. गाडी उतरवायला गल्लीतली आठ-दहा माणसं लागली. कोणी म्हणालं, "आप्पा, कारखानाले ऊस कमी पडना का, गाडी गाळाले लई उनात?" सगळे हसले. आप्पाही हसले. धनुबाई मात्र पुढे झाली आणि तिनं पदरानं गाडीच्या पुढच्या काचेवरची धूळ पुसली. तेवढ्यानं हसणारे गप्प झाले. गाडी तिच्या बापाची होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कळसाडीचे दगा पाटील वारून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून फियाट कापसाच्या गोडाऊनमध्ये उभी होती. नवनीतला आता गोडाऊन पाडून तिथं घर वाढवायचं होतं. त्यानं बहिणीला फोन करून सांगितलं की, गाडी भंगारात देतो, तुला शेवटची बघायची असली तर ये. धनुबाईनं फक्त एवढंच म्हटलं, "देऊ नको. मी लई जास." गाडी मीच घेऊन जाते, असं सांगून तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. आप्पा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि पायात चपला घातल्या. ट्रॉली कोणाची रिकामी आहे, ते बघायला गेले.

सुकलाल आप्पा म्हणजे असा माणूस. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नसे. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. तिथं उसाच्या चरकांचे हत्तीएवढाले रूळ खोलायचे आणि बसवायचे. निवृत्त झाले तेव्हा लोक म्हणाले, आप्पा आता आराम करा. आप्पांनी आराम म्हणजे काय असतो, ते दोन दिवस करून बघितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तापीबाईचा मिक्सर उघडून बसले. मग गल्लीतले पंखे आले, फवारणीचे पंप आले, पिठाच्या गिरणीची मोटर आली. पैसे घेत नसत, म्हणून वस्तू येतच राहिल्या. सगळ्या दुरुस्त होत असत असंही नाही. तापीबाईचा मिक्सर दुरुस्त झाल्यापासून उलटा फिरतो आणि शेंगदाणे न दळता नुसते फेकतो, पण तापीबाई भली बाई, ती तोवर कोणाला बोलली नव्हती.

आता मात्र खळ्यात त्यांच्यासमोर खुद्द सासऱ्याची गाडी उभी होती. त्यांनी बॉनेट उघडलं. आठवडाभर ते इंजिन खोलत होते. प्रत्येक भाग रॉकेलनं धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडत होते. शेवटी मूळ ठोकळा उघडा पडला आणि आप्पा बराच वेळ उकिडवे बसून राहिले. सिलिंडरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. नंदुरबारहून एका गॅरेजवाल्याला आणलं, त्यानंही मान हलवली. असा ठोकळा आता मिळायचा नाही, मिळाला तर तोही असाच तडकलेला असेल, म्हणाला. दुसरं इंजिन बसवा, हाच एक मार्ग.

आप्पांनी ते घरात येऊन सांगितलं. धनुबाई तांदूळ निवडत होती.

"इंजिन बदलानं नही," ती म्हणाली.

"मंग गाडी चालाव नही."

"नही चाली तं नही चाली. हुभी ऱ्हावू द्या. पन आतमा जे शे ते बाना हातनं शे. ते काढानं नही."

तिच्या हट्टाला कारण होतं. लग्न होऊन ती कोरीटला आली तेव्हापासून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला तिला माहेरी न्यायला दगा पाटील स्वतः येत. बाकीच्या घरी भाऊ येई, चुलता येई, कोणाकडे गडीच येई. तिच्याकडे बाप येई, तोही फियाट घेऊन. गाडी वेशीजवळच्या नाल्यात उतरली की तिचा आवाज बदलायचा, चढ चढताना घसा खाकरल्यासारखी दोनदा गुरगुरायची. त्या आवाजावर धनुबाई चुलीवरचं पातेलं तसंच सोडून दाराशी यायची. सासू म्हणायची, "उना का वं तुन्हा बा?" आणि अजून गाडी कोणाला दिसलेलीही नसायची. वर्षानुवर्षं हे चाललं. आता तो आवाज काढून टाका असं कोणी सांगितलं, तर कोणती लेक हो म्हणेल?

आप्पा "बरं" म्हणाले. वाद घातला नाही. इंजिन पुन्हा जोडून होतं तसं जागेवर बसवलं, वरून ताडपत्री घातली.

पण हातांना चैन कुठली? इंजिनाला हात लावायची बंदी होती, बाकीच्याला नव्हती. आप्पांनी ब्रेक दुरुस्त केले. दिवे लावले. दारांच्या कड्या, काचा वरखाली करायच्या दांड्या, वायपर, सगळं एकेक करून चालतं केलं. एका पावसाळ्यानंतर पत्र्याला गंज दिसला, तो घासून त्यांनी गाडीला मूळचाच दुधी रंग मारला. वर्ष उलटून गेलं. गाडी अशी झाली की बघणाऱ्याला वाटावं, किल्ली फिरवली की निघेल. दुपारी धनुबाई तूर निवडायला सूप घेऊन गाडीत मागच्या सीटवर बसू लागली. खिडक्या उघड्या ठेवल्या की तिथं लिंबाची सावली आणि वारा दोन्ही येत. ती तिथं बसली की आप्पा लांबूनच बघत आणि दुसऱ्या कामाला लागत.

प्रकाशाचे इंद्रसिंग मिस्त्री आले ते अशाच एका दुपारी. दगा पाटलांच्या गाडीचं काम सदैव त्यांच्याच हातचं. आता वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, गॅरेज कधीच बंद केलेलं. शेवटचा उपाय म्हणून आप्पांनीच त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. तडा सांधता येतो का, एवढंच विचारायचं होतं.

म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला, मग आत हात घातला. डोळ्यांनी दिसत नव्हतं ते बोटांनी बघत होता. ठोकळ्याच्या बाजूला एका जागी बोट थांबलं, तिथंच दोनदा घासलं, आणि म्हातारा खुदकन हसला.

"आरे, हाई तं मन्ही खूण. छिन्नीना तीन टिपका. हाई इंजिन मीच बसाडेल शे!"

धनुबाई चहा घेऊन आली होती. तिला वाटलं, काका दुरुस्तीबद्दल बोलतायत. "तुम्हीच खोलेल-जोडेल व्हई, काका. बा दुसराकडे जातच नव्हता."

"जोडेल नही बेटी, बदलेल. सुरतथीन एक टॅक्सी मोडाले निंघेल व्हती, तिन्हं इंजिन मी आनं आन् आठे टाकं. पहिलं इंजिन तं तू दवाखानामा व्हतीस तव्हयच जाम व्हयी गयं ना. तुले माहित नही का?"

धनुबाईनं हातातला चहा मडगार्डवर ठेवला. आप्पा चटकन म्हणाले, "काका, चहा लेवा." पण म्हातारा आता बोलायला लागला होता, आणि तो थांबण्यातला नव्हता.

गोष्ट रंजिताच्या जन्माची होती. धनुबाईची ती पहिलीच मुलगी, आता सुरतेला नर्स आहे. चैत्रातलं ऊन होतं. घरीच बाळंत व्हायचं ठरलेलं, पण सुईणीनं हात टेकले. रक्त थांबेना. आप्पा कारखान्यावर पाळीत होते. कोणीतरी सरपंचांच्या घरच्या फोनवरून कळसाडीला कळवलं. दगा पाटलांची फियाट तेव्हा दारातच उभी होती, कारण रेडिएटर गळत होता आणि दुसऱ्या दिवशी ती इंद्रसिंगकडे जायची होती. पाटलांनी त्यात पाणी भरलं आणि निघाले. कोरीटला पोचेपर्यंत निम्मं गळून गेलं. वाफ निघत होती. लेकीला मागच्या सीटवर झोपवलं, सुईणीला शेजारी बसवलं, आणि कोणी म्हणालं, पाटील, घागरभर पाणी टाकू द्या, तर पाटील म्हणाले, इंजिन थंड होईपर्यंत थांबायला वेळ नाही. तशीच गाडी नंदुरबारला पळवली. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली आणि जागच्या जागी थांबली. पुन्हा चालू झाली नाही. आतले पिस्टन वितळून भिंतीला चिकटले होते.

"मी गयू तव्हय पाटील दवाखानाना वट्टावर बशेल व्हता," इंद्रसिंग म्हणाले. "माले म्हने, मिस्त्री, गाडी मरी गयी, पन पोर वाचनी. आन् मंग म्हने, मन्ही आंडेरले, धनुले सांगजो नको. ती जलमभर मनमा धरी बसी."

मग म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. त्यानं जीभ चावली आणि चहाचा कप उचलला.

धनुबाईला त्या दिवसाचं फार काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते गाडीचं छत. पांढऱ्या रेक्झिनला बारीक बारीक भोकं होती आणि ती एकेक भोक मोजत पडली होती, कारण सुईण सांगत होती, डोळे मिटू नको. आणखी एक आठवलं. त्या वर्षी आखाजीला बाप एसटीनं आला होता. गाडी कामाला टाकली आहे म्हणाला. महिन्याची रंजिता कुशीत, बसमध्ये गर्दी, आणि ती कळसाडीपर्यंत बापाशी धड बोलली नव्हती. बापानं वाटेत तिच्यासाठी उसाचा रस आणला, तो तिनं खिडकीशी तसाच धरून ठेवला होता.

इंद्रसिंगांना पोचवून आप्पा परत आले, तेव्हा ती खळ्यात त्याच जागी उभी होती.

"तुमले माहित व्हतं?"

आप्पांनी मोटरसायकल उभी केली. "हां."

"कव्हय पासून?"

"त्याच दिनथीन. पाळी सोडीसन मी दवाखानामा उनू, तव्हय फाटकमाथीन गाडी ढकलाले मीच व्हतू. तुन्हा बाले मी जबान देल व्हती."

"वरीसभर मी तुमले इंजिनले हात लावू दिधा नही. आवाजना पायी भांडनू. एक सबद सांगतात तं मी त्याच घडी हां म्हनी टाकती."

"म्हनीसनच नही सांगं," आप्पा म्हणाले. "तुले गप्प कराले तुन्हा बानी गोट वापरू का मी? तू तुन्हा मनथीन हां म्हनती तं गोट येगळी."

धनुबाईनं गाडीचं मागचं दार उघडलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तिला न विचारता तिचं शिवणयंत्र उघडलं होतं, रेडिओ उघडला होता, एकदा तर नवाकोरा कुकरही. आणि ही एक गोष्ट त्यानं झाकून ठेवली होती, ती मात्र इतकी नीट की तिला कधी वाससुद्धा आला नाही. ती गाडीत जाऊन बसली. आप्पांनी त्या संध्याकाळी दूध स्वतः तापवलं आणि उतू घालवलं.

सकाळी चहाच्या वेळी तिनं विचारलं, "मंग कोनतं इंजिन बसाडशात?"

आप्पांनी एवढ्या जोरात मान वर केली की चहा धोतरावर सांडला. वर्षभर या विचारानं त्यांची झोप उडाली होती, हे त्यांच्या उत्तरावरून कळलं. खापर गावाला, गुजरातच्या हद्दीजवळ, एक जण अपघाताच्या गाड्या मोडतो. त्याच्याकडे मारुतीची इको व्हॅन आली होती. मागून ट्रकनं ठोकलेली, मागचा भाग चेपून गेलेला, पुढचं इंजिन शाबूत. फियाटीसारखंच ते मागच्या चाकांना जोर देतं, म्हणून त्याचा गिअरबॉक्सही जसाच्या तसा घेता येईल. आप्पा ते दोनदा जाऊन बघूनही आले होते, घरी मात्र शहाद्याला लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं.

"दोन्ही येळले लगीनच व्हतं का?" धनुबाईनं विचारलं.

"एकदाव साखरपुडा सांगेल व्हता," आप्पा म्हणाले.

तिनं दोन अटी घातल्या. बाहेरून गाडी बाची दिसली पाहिजे, पत्र्याला कुठं कापायचं नाही. आणि जुनं इंजिन विकायचं नाही. आप्पांनी दोन्ही कबूल केल्या. इंजिन बदलायची परवानगी काढायला आरटीओच्या ऑफिसात खेटे घालावे लागले, कागद पुढं सरकेपर्यंत दिवाळी गेली. पण आप्पांना घाई नव्हती. घाईनं काम केलं की उलटा मिक्सर होतो, हे आता त्यांनाही कळलं होतं.

खापरला धनुबाईही गेली. आप्पांनी व्हॅनचं इंजिन सोडवायला घेतलं आणि वायरींचा गुंता बघून पक्कड काढली. नव्या इंजिनाला वायरी फार, जुन्या फियाटीच्या सगळ्या मिळून जेवढ्या होत्या तेवढ्या एका बाजूलाच. आप्पा पहिली वायर सोडवणार, तोच धनुबाईनं हात धरला.

"थांबा. कोनती कोठली, हाई ध्यानमा ऱ्हाई का?"

"ऱ्हाई."

"कुकरनं झाकन ध्यानमा ऱ्हायनं व्हतं का?"

आप्पांनी पक्कड खाली ठेवली. तिनं पिशवीतून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या काढल्या. गाडीत बसायला आणि घाम पुसायला आणल्या होत्या. तिथंच त्या फाडून तिनं पट्ट्या केल्या आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी बांधली. हिरवी हिरव्याला, जांभळी काठाची जांभळ्या काठाच्याला. दुकानदार काम सोडून बघत उभा राहिला. शेवटी त्यानं स्वतःच दोघांना चहा सांगितला.

कोरीटला खळ्यात बोअरवेलची मोटर वर ओढायची लोखंडी तिपाई उभी केली. साखळीची कप्पी अडकवली आणि जुनं इंजिन उचललं. ते हवेत लोंबकळत वर आलं तेव्हा धनुबाई तिथंच होती. तिनं हळद-कुंकू आणलं होतं. ते त्याला लावलं आणि मग आप्पांनी ते कोपऱ्यात दोन लाकडांवर अलगद टेकवलं. आता त्यावर उलटं टोपलं ठेवून ती कुरडया वाळत घालते. आप्पांना ते बघवत नाही, पण विकायचं नाही एवढंच ठरलं होतं, कुरडयांबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

नवं इंजिन बसायला तयार नव्हतं. खाली सोडलं की त्याचं तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळायचं. वर उचललं की बॉनेट लागायचं नाही. आप्पांनी लोखंडी पट्ट्यांचे आधार वेल्डिंग करून बनवले, तोडले, पुन्हा बनवले. बॉनेटला मधोमध एक भोक पाडून वर डबा बसवला की काम होतं, असं त्यांनी दबक्या आवाजात सुचवून बघितलं. धनुबाईनं नुसतं बघितलं. आप्पा म्हणाले, "नही, मी नुसतं म्हनी ऱ्हायनू." शेवटी इंजिन पुढून मागे सरकवायचं ठरलं. त्यासाठी इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधली पत्र्याची भिंत आतून कापावी लागली. आत कापलेलं बाहेरून दिसत नव्हतं, म्हणून ते मंजूर झालं. गिअरची दांडी फियाटीत स्टिअरिंगलाच असायची. आता ती खाली जमिनीतून वर आली. स्टिअरिंगची जुनी दांडी मात्र आप्पांनी काढली नाही. ती आता कशालाच जोडलेली नाही.

मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नंदुरबारला लेथवर आखूड करून आणला. पेट्रोलच्या टाकीत नवा पंप बसवला. फेब्रुवारीत सुरू झालेलं काम चैत्र लागला तरी चालूच होतं. आप्पांचे हात काळे ते काळेच. जेवताना ते ताटाच्या कडेला चमच्यानं इंजिनाचे आधार रेखायचे. धनुबाई वैतागायची, आणि मग दुपारी स्वतःच वाकून विचारायची, "तो बोल्ट बसना का?"

गाडी चालू करायच्या दिवशी गल्ली जमली. आप्पांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला, बाकी काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. आप्पांनी बॅटरी बघितली, पंप बघितला, फ्यूज बघितले. घाम कपाळावरून नाकावर आला. लोक हळूहळू पांगले. तापीबाई जाताजाता म्हणाली, "आप्पा, उलटी फिरी ऱ्हायनी व्हई," आणि मिक्सरबद्दल तिनं काढलेला तो पहिलाच शब्द होता.

धनुबाई गाडीभोवती फिरत होती. वायरींवरच्या चिंध्या ती एकेक करून तपासत होती. हिरवीला हिरवी, जांभळ्या काठाला जांभळा काठ. मग ती खाली वाकली.

"आहो, हाई काळी चिंधी एखलीच कशी? हिन्ही जोडीदारीन कोठे शे?"

आप्पा गाडीखाली सरपटले. काळी चिंधी होती जाड वायरीला, जी इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला लावायची असते. तिच्याशिवाय वीज फिरतच नाही. आतल्या कापलेल्या पत्र्याला रंग देताना ती मागे सारली होती आणि तशीच राहिली. आप्पांनी ती घासून लावली, बाहेर आले आणि किल्ली धनुबाईच्या हातात दिली.

"माले येत नही," ती म्हणाली.

"फिरावनं ते फिरावनं. गिअरमा नही ती."

तिनं दारातून वाकून किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं.

आवाज हलका होता. घसा नव्हता, गुरगुर नव्हती. शाळेतल्या पोरीनं पाढे म्हणावेत तसा एकसारखा. धनुबाई ऐकत राहिली. आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आप्पा घाबरले.

"बंद करू का?"

"कशाले?" ती म्हणाली. "चालू व्हयनी ना? मंग चालाडा." आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

त्या आखाजीला दोघं कळसाडीला फियाटीनं गेली. धनुबाईला न्यायला कोणी आलं नव्हतं, तिनं येऊही दिलं नव्हतं. प्रकाशाला इंद्रसिंगांना बरोबर घ्यावं असं तिच्या मनात होतं, पण म्हाताऱ्याचं अंग मोडून आलं होतं. येताना या, म्हणाले.

कळसाडीला गाडी शिरली तेव्हा आंब्याच्या फांदीला झोके बांधले होते आणि पोरी-बाया गाणी म्हणत होत्या. नवनीत दाराबाहेर आला. आधी त्याला ओळखूच आली नाही, कोणी पाहुणे आले असं वाटलं. मग त्यानं नंबर बघितला आणि पायरीवरच थांबला. खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. जेवल्यावर धनुबाईनं भावाला दवाखान्याच्या फाटकाची सगळी गोष्ट सांगितली. नवनीत तेव्हा आठवीत होता. बाप आठवडाभर घरी आला नव्हता आणि आला तेव्हा पायी आला होता, एवढंच त्याला आठवत होतं. तो उठून दाराशी गेला आणि गाडीकडे बघू लागला. मग म्हणाला, "दाजी, किल्ली द्या."

तो एकटाच गाडी घेऊन गेला. शेताकडे गेला, नदीकडे गेला, चांगला तासाभरानं आला. उतरून त्यानं दार हळू लावलं. "चांगली चालस," एवढंच म्हणाला, आणि आप्पांच्या हातात किल्ली ठेवून वरून आपला हात दाबला. भंगाराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

परतताना ऊन कलत आलं होतं. प्रकाशाला इंद्रसिंगांच्या दाराशी गाडी थांबली. धनुबाईनं मांडे आणि रसाचा डबा आत दिला. म्हातारा पांघरूण घेऊनच बाहेर आला. बॉनेट उघडायला लावलं. आप्पा बाजूला उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, आणि धनुबाईला हसू आलं.

इंद्रसिंगांनी आत हात घातला. आधार चाचपले, वायरी चाचपल्या, चिंध्या लागल्या तेव्हा "हाई काय वं?" म्हणाले, मग पुढं गेले. इंजिन आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये त्यांचा हात कोपरापर्यंत गेला. तो त्यांनी वर केला, खाली केला, पान्हा फिरवावा तसा फिरवून बघितला.

"जागा सोडेल शे," ते म्हणाले. "चांगलं कयं. आज ना उद्या हाई इंजिन बी जाई. पुढला मानूसले हात घालाले जागा जोयजे."

आप्पांनी बॉनेट हळूच लावलं. पुलावर गाडी चढली तेव्हा ते गुणगुणायला लागले होते. सूर त्यांना कधीच नव्हता. खाली तापीचं पाणी संथ होतं, पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं. धनुबाईनं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली आणि कोपर बाहेर टेकवून ती ते ऐकत बसली.